फोटो मिळणार नाहीत

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं वजन एक किलो नव्वद ग्रॅम होतं. मला अमेरिकेत येऊन जेमतेम दहा महिने झाले होते. नवरा नोकरीच्या व्हिसावर आणि मी त्याच्या मागे. अमरावतीहून आणलेली बी.कॉम.ची डिग्री सुटकेसच्या तळाशी पडून होती. बाळंतपणाला आई येणार होती, तिचं तिकीटही काढलं होतं, पण मुलीनं कोणाचीच वाट पाहिली नाही. अकरा आठवडे आधीच आली.

सात आठवडे ती काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीशेजारच्या खुर्चीत. पाचव्या दिवशी एका नर्सनं मला गाउनच्या नाड्या सोडायला सांगितल्या, नळ्या सांभाळत मुलीला उचललं आणि माझ्या उघड्या छातीवर ठेवलं.

"आता हलू नकोस," ती म्हणाली. "आता तूच तिची पेटी."

मला तेव्हा इंग्रजी नीट कळत नव्हतं, पण एवढं कळलं. पुढे ग्रीन कार्ड आलं, मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा मी कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला नाव घातलं. सासरचे म्हणाले, बी.कॉम. झालेली मुलगी लोकांची दुपटी बदलणार का? मी म्हटलं, हो, बदलणार. गेली एकोणीस वर्षं मी अशाच अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात काम करते. घर बॉस्टनपासून तासाभरावर, श्रूजबरीला, वॉर्ड पंचवीस मिनिटांवर.

त्यातली बारा वर्षं माझ्यासोबत जी नर्स आहे, ती आफ्रिकेतल्या मलावीची. आमचा डबा एकत्र असतो. माझा ठेचा ती पोळीशिवाय नुसता खाते आणि डोळे पुसत पुसत आणखी मागते. तिची धाकटी बहीण मलावीतच, तिथल्या मोठ्या तळ्याजवळच्या एका लहान दवाखान्यात सुईणीचं काम करते, नर्सिंग शिकलेली सुईण. एका दुपारी जेवताना मैत्रिणीनं मला बहिणीचा व्हॉइस मेसेज ऐकवला. भाषा मला कळत नव्हती, तिनं अर्थ सांगितला. लवकर जन्मलेल्या बाळांना आया छातीशी बांधतात, बाळं तगतात, वजनही धरायला लागतात. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आया निघून जातात. घरी गेलेली बाळं बहुतेक परत येत नाहीत. काय करू, असं ती विचारत होती.

मला लगेच उत्तर सापडलं. एवढ्या लगेच सापडलेल्या उत्तराचा मी संशय घ्यायला हवा होता.

"कापड," मी म्हटलं. "बाळ बांधायला मऊ सुती कापड. आमच्या जुन्या साड्या! त्या बांधल्या की आया नीट बसतील, त्यांना त्रास होणार नाही."

"आधी तिला विचारू या," मैत्रीण म्हणाली.

"हो हो," मी म्हटलं आणि विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की जुन्या सुती साड्या हव्यात, मलावीतल्या आयांसाठी. साड्या नुसत्या वाहत आल्या. माहेश्वरी, इरकल, धारवाडी, कडक इस्त्रीच्या, नॅप्थलीनच्या वासाच्या. आमचं बेसमेंट भरलं. बायका साडी देताना तिची गोष्टही द्यायच्या. ही डोहाळजेवणाची, ही पहिल्या पगाराची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक काकू वॉकर ढकलत स्वतः आल्या आणि त्यांच्या आईची साडी देऊन गेल्या.

याच सुमारास अमरावतीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याला कोणीतरी ग्रुपवरचा निरोप पुढे पाठवला होता.

"काय गं, मेळघाट तुझ्या माहेरापासून दोन-अडीच तासांवर. तिथं पोरं कुपोषणानं मरतात अन् तू आफ्रिकेत साड्या वाटतेस? आपले गरीब संपले का?"

हा प्रश्न मला पुढे इतक्या वेळा विचारला गेला की त्याचं उत्तर माझं पाठ झालं. पण तेव्हा तो पहिल्यांदाच आला होता आणि माझं डोकं फिरलं.

"तू कधी गेला होतास रे मेळघाटला?"

"चिखलदऱ्याला गेलो होतो की, मुलांना घेऊन."

"पॉइंट बघायला. मी पाडे विचारतेय."

मग मी जरा शांतपणे सांगितलं. बारा वर्षं माझ्या शेजारी उभं राहून जिनं माझ्यासोबत बाळं जगवली, तिनं मला विचारलं. मेळघाटातल्या कोणी विचारलं असतं तर तिकडे गेले असते. कोणाचं दुःख जास्त मोठं याची मी स्पर्धा लावलेली नाही. ज्या दारावर आपल्याला हाक मारली जाते, त्या दारातून आत जायचं. आणि ज्याला मेळघाटची इतकी काळजी आहे त्यानं उद्याच निघावं, मी डबा बांधून देते. त्यानं फोन ठेवला. दिवाळीला नेहमीसारखा शुभेच्छांचा मेसेज मात्र आला.

ऑगस्टमध्ये मी आणि मैत्रीण निघालो. माझ्या दोन्ही मोठ्या बॅगांत साड्याच होत्या, बाळ बांधायच्या मापानं कापून, कडा शिवून. दवाखाना म्हणजे पत्र्याची बैठी इमारत, पुढे व्हरांडा, मागे आंब्याची झाडं. लहान बाळांच्या खोलीत सहा खाटा आणि एकेका खाटेवर दोन दोन आया. सगळ्यांच्या छातीशी बाळं बांधलेली. बांधायला रंगीत, मोठ्या नक्षीचं जाड सुती कापड. त्याला चितेंजे म्हणतात. तेच कमरेला गुंडाळलेलं, तेच डोक्याला, तेच बाळाला.

मैत्रिणीची बहीण उंच, शिडशिडीत, तुटक बोलणारी. तिनं माझी बॅग उघडली, एक साडी बोटांत धरून चोळली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "निसरडी आहे. बाळ खाली घसरेल."

मी साडीची घडी परत घालायला लागले.

"कापड आहे इथं, सिस्टर. प्रत्येकीकडे आहे. आमच्याकडे जे आहे तेच तू घेऊन आलीस."

"मग त्या निघून का जातात?"

"ये, दाखवते."

तिनं मला इमारतीच्या मागे नेलं. तीन दगडांच्या चुली, धूर, आणि सात-आठ बायका स्वयंपाक करत होत्या. तिथल्या दवाखान्यात रोग्याला जेवण मिळत नाही. बरोबर आलेल्या माणसानं ते रांधायचं असतं. सासू, आत्या, मोठी बहीण, कोणीतरी. जिच्याबरोबर कोणी आलेलं नाही ती इतरांच्या भांड्याकडे बघत बसते. जिच्याबरोबर कोणी आलंय तिचं पीठ चार दिवसांत संपतं. घरी आणखी मुलं असतात, त्यांना शेजारणीकडे किती दिवस ठेवणार? मग ती बाळ बांधते आणि चालायला लागते.

"उपाशी बाईनं एक महिना छातीशी बाळ धरून बसायचं, असं मी तिला रोज सांगते," सुईण म्हणाली. "तू बसली असतीस?"

मी सात आठवडे बसले होते. पण माझ्यासाठी ट्रे यायचा. त्यात सूप असायचं, जेली असायची, शाकाहारी म्हणून खास चीज सँडविच असायचं. मी ते अर्धं टाकून द्यायचे. मला त्या चुलींसमोर उभं राहून तो ट्रे आठवला आणि इतकी लाज वाटली की मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

त्याच दुपारी एक बाई जुळी बाळं घेऊन निघाली. दोन्ही मुली. घरी तिची आणखी दोन मुलं होती. सुईणीनं तिला थांबवायचा प्रयत्न केला, आवाज चढवला, मग तिचा हात धरला. बाई शांतपणे ऐकत होती आणि कापडाची गाठ घट्ट करत होती. माझ्या लहान बॅगेत विणलेल्या टोप्या होत्या. मी धावत जाऊन दोन आणल्या. तिनं त्या घेतल्या, माझ्याकडे बघून गुडघ्यात जराशी वाकली, जसं तिथं आभार मानताना वाकतात, आणि गेली. त्यातली एक मुलगी घरी पोचून तिसऱ्या दिवशी गेली. मला हे नंतर फोनवर कळलं. मी तिला टोपी दिली होती. तिच्या आईला हवं होतं जेवण.

माझ्या साड्यांचं सुईणीनं काय केलं तेही सांगते. खाटांच्या मध्ये दोरी बांधून तिनं त्यांचे पडदे केले. आयांना दूध काढताना आडोसा झाला. "चला, वाया नाही गेल्या," ती म्हणाली. एवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं आणि तेवढं मला पुष्कळ होतं.

परत आल्यावर पहिलं काम साड्या परत करायचं. बेसमेंटमध्ये अजून ढीग होता. नवरा म्हणाला, गुपचूप कुठल्या तरी थ्रिफ्ट स्टोअरमध्ये देऊन टाक, कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, नाही. चूक माझी आहे, ती मीच घरोघर पोचवणार. तीन शनिवार गाडीत साड्या घालून फिरले. प्रत्येक दारात तेच सांगितलं. तुमची साडी चांगली आहे, त्यांना नकोय, त्यांना जेवण हवंय आणि झोपायला गादी हवीय. मी न विचारता मागितली, माफ करा. काही जणी हसल्या, काही रागावल्या. एक म्हणाली, "नको म्हणजे काय? गरिबांना चॉइस असतो का?" "असतो," मी म्हटलं. "त्यांना काय हवं ते आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं."

वॉकरवाल्या काकूंनी मात्र आईची साडी परत हातात घेतली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मग आता जेवणाचं कसं करायचं म्हणतेस?"

त्यांनी तो प्रश्न विचारला आणि पुढच्या सगळ्याची सुरुवात झाली.

मंडळाचे एक जुने प्रायोजक आहेत. नवऱ्याच्या वयाचे, स्वतःची कंपनी उभी केलेले. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. माणूस मनाचा मोठा आहे हे मी आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांना खलनायक करणं सोपं आहे आणि ते खरं नाही. आयांना रोज लापशी द्यायचं आम्ही ठरवतोय हे कळल्यावर त्यांनी मला आणि मंडळाच्या अध्यक्षांना घरी बोलावलं. बेसमेंटमधला सोफा, चहा, बाकरवडी. म्हणाले, नुसत्या लापशीनं काय होणार? बारा खाटांची नवी खोली बांधू. स्वयंपाकघर बांधू. खोलीला त्यांच्या आईचं नाव द्यायचं. त्यांच्या आधी त्यांच्या आईची दोन बाळं गेली होती, खेड्यात, अशीच अपुऱ्या दिवसांची. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला.

माझं मन भरून आलं. मी हो म्हणणारच होते.

"फक्त एक," ते म्हणाले. "प्रत्येक आईचा बाळासकट फोटो हवा. आल्यावर एक, जाताना एक. नाव, वय, काय परिस्थिती आहे ते. दरवर्षी मंडळाच्या डिनरला स्क्रीनवर दाखवू. लोक बघतील, आणखी देतील."

"चेहरे दिसणार?"

"चेहऱ्याशिवाय कसला फोटो, वहिनी?"

मी कप खाली ठेवला आणि त्यांना माझी गोष्ट सांगितली. ती मी तोवर नवऱ्याखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

मुलगी पेटीत असताना, तिसऱ्या आठवड्यात, हॉस्पिटलची एक गोड बोलणारी बाई माझ्याकडे फॉर्म घेऊन आली. आम्ही देणग्या गोळा करतो, तुमच्या बाळाचा आणि तुमचा फोटो चालेल का? मी सही केली. चालेल का नाही हा विचारच केला नाही. ज्यांच्या हातात मुलीचा श्वास आहे त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली. त्यांनी जमीन मागितली असती तरी केली असती. तो फोटो मोठा करून लॉबीत लावला. न विंचरलेल्या केसांची, गाउन घातलेली, रडून डोळे सुजलेली मी आणि माझ्या छातीवर नळ्यांनी भरलेली माझी मुलगी. खाली लिहिलं होतं, तुमच्या मदतीची हिला गरज आहे. दोन वर्षं तो तिथं होता. मुलीला तपासायला नेताना प्रत्येक वेळी मी त्याच्याखालून गेले. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं माझ्याकडे बघून मान तिरकी करायची आणि डोळ्यांत दया आणायची. मुलगी तोवर चालायला लागली होती, बटाट्याचे वेफर्स खात होती. पण त्या भिंतीवर आम्ही दोघी कायमच्या केविलवाण्या.

"पण त्यामुळे कोणाला तरी मदत झाली असेल ना?" अध्यक्ष हळूच म्हणाल्या.

"झाली असेल."

"मग?"

"मग, मला विचारलं होतं. पण मला नाही म्हणता यायला हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

भाऊजींनी बाकरवडीची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या एका जुन्या फोटोपायी तुम्ही बारा खाटा घालवताय. उद्या खाट नाही म्हणून एखादं पोर गेलं, तर?"

मी चहा तसाच टाकून निघाले. गाडी चालवताना तो प्रश्न सारखा डोक्यात होता. मुलगी बॉस्टनला असते, तिला फोन करून सगळं सांगितलं, तो लॉबीतला फोटोसुद्धा. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते.

"आई, जस्ट से नो," ती म्हणाली.

"तुला सोपं आहे गं."

"इट वॉज माय फेस टू," ती म्हणाली.

तरी मी लगेच नाही म्हटलं नाही. आधी न विचारता साड्या नेल्या होत्या, आता न विचारता खाटा नाकारायच्या का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुईणीला फोन केला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. बारा खाटा, स्वयंपाकघर, बदल्यात फोटो. म्हटलं, तू आयांना विचार. त्या हो म्हणाल्या तर माझं काही म्हणणं नाही.

पलीकडे ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"विचारायची गरज नाही, सिस्टर. त्या हो म्हणतील. सगळ्या म्हणतील. त्यांच्या बाळाचं औषध माझ्या हातात आहे, त्या मला नाही कशा म्हणतील? म्हणून तर मी विचारत नाही."

मग म्हणाली, "मला खोली हवी आहे. खूप हवी आहे. पण तू मला विचारतेस म्हणून सांगते. स्वयंपाकीण दे. पाच गाद्या दे. त्यावर मी सुरू करते."

मी भाऊजींना लिहिलं, फोटो मिळणार नाहीत. तुम्ही आईच्या नावानं खोली बांधलीत तर मी स्वतः त्या पाटीला हार घालीन. पण बायकांचे चेहरे त्याची किंमत म्हणून मिळणार नाहीत.

त्यांचं उत्तर सभ्य होतं. त्यांनी खोली बांधली नाही. मंडळानंही कळवलं की या वर्षी कार्यक्रमात आपल्या उपक्रमाला वेळ देता येणार नाही. त्या बारा खाटा आल्या असत्या तर एखादं बाळ वाचलं असतं का? वाचलं असतं. मी ते नाकारत नाही, स्वतःशीही नाही. ते माझ्या पदरी आहे. पण देणाऱ्यानं जेवणाबरोबर मान मागायचा आणि घेणाऱ्यानं तो निमूट द्यायचा, हा व्यवहार माझ्या हातून होणार नव्हता. मी त्या भिंतीवर दोन वर्षं टांगलेली होते. दुसरी कोणी माझ्या सहीनं टांगली जाणार नव्हती.

मग आम्ही चकल्या केल्या.

कल्पना काकूंची. "तुमच्या या अमेरिकेत दिवाळीला चांगली चकली मिळत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या दातावर दगड. आपण करू." घरी करून विकायला परवानगी लागते, म्हणून गावातल्या एका चर्चचं स्वयंपाकघर शनिवारी भाड्यानं घेतलं. मी अन्न हाताळायची परीक्षा दिली, सर्टिफिकेट भिंतीवर लावलं. काकू वॉकर बाजूला लावून खुर्चीत बसायच्या आणि भाजणी बोटांनी चोळून सांगायच्या, "तांदूळ कमी भाजलेत, परत." दुसरी आली ती पुण्याची एक इंजिनियर मुलगी. नवऱ्याच्या व्हिसावर असल्यानं तिला इथं नोकरी करता येत नव्हती. "दोन वर्षं हात रिकामे आहेत, मावशी," ती म्हणाली. "मला सोऱ्या द्या." तिनं सोऱ्या असा काही दाबला की पहिल्याच दिवशी त्याचा दांडा निघाला. माझी मलावीची मैत्रीण तळायला उभी राहायची. चकलीचे वेढे तिला पहिल्या वर्षी जमले नाहीत, पण तळणीतून कधी काढायची हे तिला आमच्याआधी कळायचं. मुलगी बॉस्टनहून यायची, पॅकिंग करायची आणि करता करता चौथा हिस्सा खायची.

पाकिटावर काय लिहायचं यावर पुन्हा वाद झाला. इंडियन ग्रोसरीवाल्या गुजराती दुकानदारानं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"इथं एखाद्या बाळाचा फोटो टाका ना, बेन. दुप्पट खपेल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "चकली चांगली आहे म्हणून घ्यायला सांगा."

त्यानं खांदे उडवले आणि काउंटरशेजारी जागा दिली. पाकिटावर एकच ओळ होती, की या चकल्यांतून मलावीतल्या एका छोट्या दवाखान्यातल्या आयांना रोज जेवण मिळतं. भाऊजींच्या बायकोनं दहा पाकिटं नेली. ते मला दुकानदारानं सांगितलं. मला बरं वाटलं.

सुईणीनं गावातली एक विधवा स्वयंपाकाला ठेवली. मका, सोयाबीन आणि शेंगदाण्याच्या पिठाची दाट लापशी सकाळी, दुपारी डाळ किंवा मासा आणि मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा. पाच गाद्या आल्या, त्या व्हरांड्यात घातल्या. घरी लहान मुलं असलेल्या आयांना सुईणीनं सांगितलं, पोरांना घेऊन या. आता व्हरांड्यात दोन-तीन वर्षांची पोरं भांड्याभोवती खेळतात आणि आया आत बाळं बांधून बसतात. त्या जुळ्यांपैकी उरलेली मुलगी एकदा खोकला झाला म्हणून दवाखान्यात आली. सुईणीनं फोनवर सांगितलं, गाल आलेत तिला, चावते. एक सतरा वर्षांची मुलगी, जिच्याबरोबर कोणीच आलं नव्हतं, एकतीस दिवस राहिली आणि बाळ घेऊन स्वतःच्या पायांनी घरी गेली. तिचा फोटो माझ्याकडे नाही. ती कशी दिसते मला माहीत नाही. तिला माझ्याबद्दलही काही माहीत नाही, आणि हे असंच असावं.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. दोन बाळं याच पावसाळ्यात गेली, लापशी असताना, गादी असताना. ते कळवताना सुईण नेहमीसारखी तुटक बोलली आणि मग बराच वेळ फोन तसाच धरून राहिली. मीही राहिले. आमच्या वॉर्डातही जातात. तेव्हा आपण काय करतो हे आम्हा दोघींना माहीत असतं. पुढच्या बाळाकडे जातो.

आता नवी अडचण आली आहे. लापशी लहान बाळांच्या आयांसाठी होती. पण वास सगळीकडे जातो. बाळंतिणींच्या मोठ्या खोलीतल्या बायका वाडगी घेऊन येऊ लागल्या, मग तापाची पोरं घेऊन आलेल्या आया, मग ज्यांचं दवाखान्यात काहीच काम नाही अशा दोन म्हाताऱ्या. स्वयंपाकीण कोणालाच परत पाठवत नाही. पीठ महिनाअखेरीच्या आधीच संपतं. गेल्या शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात यावर चर्चा झाली. पुण्याची मुलगी म्हणाली, आपण कार्ड करू या. ज्या आईकडे कार्ड तिलाच लापशी. तिनं नमुनाही करून आणला होता, नीट रकाने आखलेला.

मला ते पटलं होतं. मी तिथूनच, स्पीकरवर, सुईणीला फोन लावला आणि नियम समजावून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगला नियम आहे," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कोणीतरी या. वाडगी घेऊन बायका उभ्या राहतात तिथं उभ्या राहा, आणि जिच्याकडे कार्ड नाही तिला तुमच्या तोंडानं नाही म्हणा. मी म्हणणार नाही. स्वयंपाकीण तर मुळीच म्हणणार नाही. तिच्या हातात पळी आहे."

तेलाचा तेवढा आवाज येत होता. पुण्याच्या मुलीनं कार्डाचा कागद हळूच दुमडला आणि ॲप्रनच्या खिशात घातला.

काकूंनी भाजणीचं पातेलं स्वतःकडे ओढलं. "मग आता काय," त्या म्हणाल्या, "शनिवारच्या जोडीला रविवार. उद्या किती वाजता उघडतं गं हे चर्च?"

"काकू, उद्या प्रार्थना असते त्यांची."

"करू देत की. आपण त्यांच्या नंतर येऊ."